एक की नऊ

डेक्कनच्या बसथांब्यावर, रांगेत आपल्या पुढं उभ्या असलेल्या पाठीला सोपाननं हळूच विचारलं, "एक की नऊ?" पाठ वळली, आणि ती जया नव्हती. दुसरीच कुणी बाई होती. चेहरा होता, चष्मा होता, हातात भाजीची पिशवी होती आणि पिशवीतून शेवग्याच्या शेंगा बाहेर आल्या होत्या. "नऊ पलीकडून सुटते," ती म्हणाली. "ही एकची रांग." एवढं सरळ उत्तर मिळाल्यावर सोपानला तिथं उभं राहणं अशक्य झालं. त्यानं तिचे आभार मानले, रस्ता ओलांडला आणि नऊ नंबरच्या रांगेत जाऊन उभा राहिला. नऊनं त्याला कुठंही जायचं नव्हतं. त्याला स्वारगेटला जाऊन मुळशीची एसटी धरायची होती. पण ती बाई पलीकडून अधूनमधून बघत होती आणि तिला वाईट वाटेल असं त्याला वाटलं. नऊ आली. सोपान चढला. खिडकीशी बसल्यावर त्याला पहिल्यांदा थोडी भीती वाटली. पाठ चुकली याची नव्हे. अंबाडा तसाच, त्यात तशीच आडवी खोचलेली पिन, खांदे तसेच किंचित पुढं आलेले. फक्त मानेवर डाव्या बाजूला तीळ नव्हता, आणि तीळ आधी बघायला हवा होता. भीती वेगळीच होती. ती बाई वळली त्या क्षणी त्यानं मनातल्या मनात तिचा चेहरा जयाच्या चेहऱ्याशी ताडून बघायला घेतला, आणि जयाच्या चेहऱ्याच्या जागी त्याच्याकडं काहीच नव्हतं. वर्षभर तो ज्या माणसाची वाट बघत होता ते माणूस त्यानं फक्त मागून पाहिलं होतं.

याला तो एकटाच जबाबदार नव्हता. खोलीची मांडणीच तशी होती. गेल्या मे महिन्यात पॉलिटेक्निकच्या सरांनी चिठ्ठी दिली आणि सोपान त्या कॉम्प्युटर कंपनीत उन्हाळ्यापुरता शिकाऊ म्हणून दाखल झाला, तेव्हा त्याला प्रोग्रामिंग शिकवायचं ठरलं होतं. पण पंचिंगच्या बाई त्याच आठवड्यात बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. साहेबांनी सोपानकडं बघितलं, रिकाम्या खुर्चीकडं बघितलं आणि विचारलं, "टायपिंग येतं?" येतं म्हणाला. अशा रीतीनं तो दीड महिना एका बाईच्या बाळंतपणावर राहिला. खुर्चीवर तिनं घरून आणलेली फुलाफुलांची उशी होती. ती काढायची की ठेवायची हे कुणी सांगितलं नाही, म्हणून तो तिच्यावर अवघडून बसायचा, तिच्या जागेवर तिच्याइतकाच जपून. पहिल्या रात्री त्याला रडू आलं होतं. समोर कागदांचा गठ्ठा असायचा, कुठल्याशा साखर कारखान्यावर गाडीतल्या उसाची वजनं कुणी हातानं लिहिलेली. ती बघून बटणं दाबायची, की यंत्र खाटखाट करत जाड कागदाच्या कार्डात चौकोनी भोकं पाडायचं. मग ते कार्ड जयाकडं जायचं. ती पुढच्या यंत्रावर, त्याच्याकडं पाठ करून बसायची. तिचं काम म्हणजे तोच कागद पुढं ठेवून, तेच कार्ड यंत्रात घालून, सोपाननं दाबलेली बटणं त्याच क्रमानं पुन्हा दाबायची. जुळलं तर यंत्र कार्डाच्या कडेला एक खाच पाडायचं; म्हणजे कार्ड खरं. नाही जुळलं तर लाल दिवा. मग तिनं पुन्हा दाबून बघायचं. तीनदा दिवा लागला की कार्ड टोपलीत. कारखान्यावरचा तो लिहिणारा माणूस एक आणि नऊ सारखेच काढायचा. एकाचं शेपूट वळलं की नऊ झाला आणि नवाचं डोकं मिटलं की एक. लाल दिवा लागला की जया मागं न वळता विचारायची, "एक की नऊ?" आणि सोपान त्या पाठीला सांगायचा, "एक." किंवा "नऊ." त्यांचं सगळं बोलणं एवढंच. वातानुकूलनाची घरघर, कार्डं वाचणाऱ्या यंत्राचा खडखडाट, यात दुसरं काही ऐकूही गेलं नसतं. ती त्याच्या आधी यायची, नंतर जायची, डबा बायकांच्या खोलीत खायची. पण हळूहळू, दहाव्याबाराव्या दिवशी, सोपानच्या लक्षात एक गोष्ट आली आणि त्याचा हात बटणावर थांबला: आपण दिवसभर जे जे करतो ते सगळं हे माणूस आपल्यामागून पुन्हा करतं. एकसुद्धा वगळत नाही. आपण थांबलो की थोड्या वेळानं तेही थांबतं. आपल्या जन्मापासून असं कुणी केलं नव्हतं.

नऊ नंबरची बस कंपनीवरून जात होती. हे त्याला माहीत नव्हतं की माहीत होतं, हे त्यालाही नक्की सांगता आलं नसतं. तो उतरला. शनिवारची दुपार, फाटक लोटलेलं, वॉचमन स्टुलावर पाय घेऊन कलिंगड खात बसलेला. "सोमवारपासून येणार आहे मी," सोपान म्हणाला. "गेल्या वर्षी होतो. पंचिंगला." वॉचमननं बी बाजूला थुंकली. "पंचिंग? ती यंत्रं गेली की. टेंपो आला, हमाल आले, उचलली. आता टीव्ही आलेत." "टीव्ही?" "टीव्हीच. पण पिक्चर लागत नाही. नुसती हिरवी अक्षरं." सोपाननं थोडा वेळ हिरव्या अक्षरांचा विचार केल्यासारखं केलं. मग अगदी सहज विचारायचं म्हणून विचारलं, "आणि त्या जयाबाई?" "कोण जयाबाई?" वॉचमननं कपाळाला आठ्या घातल्या, कलिंगडाची फोड हवेत फिरवली आणि एकदम त्याचा चेहरा उजळला. "पाठमोऱ्या बसायच्या त्या? गेल्या. बदली म्हणतात मुंबईला, नाहीतर लग्न. दोन्हीतलं एक काहीतरी झालं." त्याला सोपानची दया आली असावी, कारण त्यानं एक फोड पुढं केली. "तू ये की सोमवारी. साहेब म्हणत होते, गेल्या वर्षीचा तो मुलगा येणार आहे, त्याला आता नीट प्रोग्रामिंगला बसवू. नाव काही त्यांना आठवेना. पण मुलगा म्हणाले." सोपाननं फोड घेतली. ज्या कामाला बसवलं म्हणून गेल्या वर्षी रडू आलं, ते काम गेलं म्हणून या वर्षी गळ्याशी काहीतरी आलं. ते कलिंगडाची बी निघालं, असं त्यानं ठरवलं.

मुळशीच्या एसटीत त्याला उभ्यानं जागा मिळाली. पौड रस्त्याला लागल्यावर ऊन खिडक्यांतून आडवं आलं. पिरंगुटला निम्मी गाडी रिकामी झाली, तरी तो उभाच राहिला. त्याच्या मांडीवर उजव्या हाताची बोटं आपोआप चालत होती. ही सवय त्याला वसतिगृहात लागली. खोलीत आणखी तिघं होते आणि तिघंही चांगले होते, म्हणजे त्याला त्रास देत नसत. पहिल्या दिवशी आडनाव विचारलं, आडनाव सांगितलं, "असं होय" म्हणाले, आणि तेव्हापासून त्याच्याशी अतिशय सभ्यपणे वागत. इतकं सभ्यपणे, की पावसाळ्यात एकदा त्याला ताप भरला तर त्याची झोप मोडू नये म्हणून तिघंही दोन दिवस शेजारच्या खोलीत झोपायला गेले. अशा वेळी तो पांघरुणात मांडीवर बटणं दाबायचा. आज ताप आहे. आज पाऊस आहे. आज मेसमध्ये वांगं होतं. आणि ओळ संपली की क्षणभर थांबायचा, पाठोपाठ तीच खाटखाट ऐकू येते का म्हणून. पुढच्या मे महिन्यात सगळं एकदम पडताळून घेऊ, असं त्यानं मनाशी धरून ठेवलं होतं. जयाला काही सांगायचं नव्हतं त्याला. तिच्या पाठीमागं बसून पुन्हा उसाची वजनं टोचायची होती, एवढंच. शेवटच्या दिवशी निघताना त्यानं दारात चपला घालता घालता मोठ्यानं म्हटलं होतं, "येतो." पण त्याच वेळी कार्डांचं यंत्र सुरू झालं. पाठ हलली नाही. ते "येतो" वर्षभर तसंच राहिलं होतं, भोकं पडलेलं, खाच न पडलेलं.

घरी पोचला तेव्हा त्याचा बाप, दामू, दारात दोरी वळत बसला होता. "आलो आबा." "आलो," दामू म्हणाला. दामूची ही जुनी खोड. समोरचा जे बोलेल ते तो एकदा स्वतः बोलायचा, मग गप्प व्हायचा. गावात त्याची नक्कल करत. लहानपणी सोपान चिडून त्याच्याशी बोलायचंच टाळायचा. "सोमवारी जायचं कंपनीत." "सोमवारी जायचं कंपनीत." आतून आई आक्काबाई म्हणाली, "आरं, पानी तरी पिऊ द्या त्याला. का ते बी तुमीच पिऊन दावनार?" अंगणात रांगोळी होती. गेल्या वर्षी सोपाननं टोपलीतली वाया गेलेली कार्डं घरी आणली, तर आक्काबाईनं ती जमिनीवर धरून भोकांतून रांगोळी सोडायला सुरुवात केली. छान बारीक पांढरी नक्षी उठायची. शेजारणी मागून न्यायच्या. वस्तीत भीमजयंतीला दारोदार कुणाकुणाच्या उसाची चुकीची वजनं उमटली होती. आज दारात होतं त्यात सोपाननं उभ्या उभ्या एक आकडा वाचला. नऊ होता. एक असायला हवा होता.

आणि मग ते पंचाचं. गेल्या जूनमध्ये दामूनं विचारलं होतं, "कंपनीत काय करतूस?" सोपान म्हणाला, "पंच करतो." "पंच करतो," दामूनं बरोबर म्हटलं, शब्द न शब्द. पण ते घेऊन तो एसटीच्या थांब्यावरच्या चहाच्या टपरीत गेला, आणि तिथपर्यंतच्या वाटेत त्याचं "आमचा सोपान पुन्याला पंच हाय" झालं. टपरीत हैबतराव बसलेले. गावची निम्मी भातखाचरं त्यांची, आणि त्यांच्या बापाच्या वेळेपासून पंच म्हणजे त्यांचंच घर. "तुझा पोरगा? पंच?" ते म्हणाले. "आन् पुन्यात? तितली भांडनं मिटवाया हितनं मानूस न्यावं लागलं व्हय?" सगळे हसले. पण हसता हसता हैबतराव बाकावर थोडे सरकले. टपरीबाहेर उकिडवं बसून चहा प्यायची सवय असलेला दामू त्या दिवसापासून बाकावर बसू लागला. अगदी कडेला, अर्धा बाहेर. पण बाकावर. सोपानला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. खरं सांगायचं म्हणजे बापाला बाकावरून उठवायचं. त्यापेक्षा त्यानं पंच राहायचं पत्करलं. पुढं हैबतरावांनी एकदा त्याला टपरीपाशी अडवून विचारलं, कंपनीत कसं काय असतं. सोपाननं सांगितलं, थंडगार खोली असते, आत यंत्र असतं, धूळ चालत नाही, चपला बाहेर काढाव्या लागतात. "म्हंजी देऊळच की," हैबतराव म्हणाले. दामू शेजारी होता. "म्हंजी देऊळच की," तो म्हणाला, आणि मग, खोड सोडून, स्वतःचं एक वाक्य बोलला: "हितल्या देवळात आमाला चपला काढायची येळच आली न्हाई कदी." हैबतरावांनी चहाचा पेला खाली ठेवला. बाकावरून मात्र उठवलं नाही.

तर आता, रविवारी सकाळी, वस्तीतले भिकू आणि कोंडिबा न्याय मागायला दारात उभे होते, आणि हैबतराव मुद्दाम गंमत बघायला आलेले. शिडीचं भांडण होतं. दोघांची घरं एका भिंतीची. चार महिने बोलणं बंद. सोपानला पळून जावंसं वाटलं. पंचानं काय करायचं असतं ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याला फक्त एक काम येत होतं. त्यानं भिकूला म्हटलं, "तू सगळं सांग. मग कोंडिबाकाका, तुमी तेच पुन्हा सांगायचं. जिथं जुळणार न्हाई तिथं थांबायचं." भिकू म्हणाला, "म्या ह्याला शिडी दिली. दिली तवा नऊ पायऱ्या व्हत्या. ह्यानं आनून भितीला लावली तवा आठ. ही गोष्ट खरी." कोंडिबानं छाती पुढं काढली. "ह्यानं मला शिडी दिली. दिली तवा नऊ पायऱ्या व्हत्या. म्या आनून भितीला लावली तवा आठ. ही गोष्ट खरी." सगळे वाट बघत राहिले. लाल दिवा लागेना. "मग भांडण काय?" सोपान म्हणाला. "हा खोटं बोलतोय," भिकू म्हणाला. "हा खोटं बोलतोय," कोंडिबा म्हणाला. तेही जुळलं. हैबतरावांनी तोंडावर उपरणं धरलं. "दोघांचं बरोबर हाय," सोपान शेवटी म्हणाला. "एकसुद्धा चूक न्हाई." दोघं एकमेकांकडं बघत उभे राहिले. चार महिन्यांत त्यांनी एकमेकांचं पुरतं ऐकलंच नव्हतं बहुतेक. मग भिकू म्हणाला, "आठ बी रग्गड हायेत, माळ्यावर जायाला." आणि दोघं एकाच वाटेनं गेले, कारण वाट एकच होती. हैबतराव निघताना सोपानच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पंच खरा रं." ते टिंगलीनं म्हणाले की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. पंच म्हणून त्याचा पहिला न्याय नावाजला गेला तेव्हा ज्या यंत्रामुळं तो पंच झाला ते कुठल्यातरी भंगारवाल्याकडं उलटं पडलं होतं. उद्या हिरव्या अक्षरांसमोर बसल्यावर गावात काय सांगायचं? आणि ती अक्षरं पुन्हा कोण लिहिणार? ती तर लिहिताक्षणी पुसली जात असतील. संध्याकाळी तो धरणाच्या पाण्याकडं गेला. पाणी उतरलं होतं, काठाला चिखलाच्या भेगा होत्या. त्यानं जोरात "ओ" अशी हाक मारली. पलीकडच्या डोंगरातून "ओ" परत आली. पण ते पडताळणं नव्हे. डोंगर कागद बघत नाही.

सोमवारी पहिल्या गाडीला दामू त्याची वळकटी घेऊन थांब्यापर्यंत आला. टपरी नुकती उघडत होती, बाक रिकामा होता. दामू कडेलाच बसला, सवयीनं, जणू हैबतराव बसलेले आहेत. सोपान उभा राहिला. आता सांगितलं नाही तर पुन्हा वर्षभर पांघरुणात टोचत बसावं लागेल, हे त्याला कळत होतं. "आबा, पंचिंग बंद झालं." "पंचिंग बंद झालं." "मी पंच नव्हतो कदीच." "मी पंच नव्हतो कदीच." "नुसती कागदाला भोकं पाडायचो." "नुसती कागदाला भोकं पाडायचो," दामू म्हणाला, एक अक्षर न चुकता, आणि सोपान वाट बघत राहिला, आता बाप बाकावरून उठेल म्हणून. दामूनं वळकटीची दोरी घट्ट केली. "म्हाईत हाय," तो म्हणाला. सोपानला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "म्हाईत हाय? कवापासनं?" "तू पयला पगार आनलास तवापासनं. पंचाला कुनी पगार देतं व्हय रं, येड्या?" "मग बोलला का न्हाईत?" दामूनं रस्त्याकडं बघितलं. गाडीचा आवाज अजून लांब होता. "तू बोलला न्हाईस. तू म्हनशील त्येच मी म्हनतो. न्हान असताना तू बोबडं बोलायचास. तुझं कुनाला कळायचं न्हाई. मग मी येकदा म्हनायचो, तू मान डोलवायचास. तवापासनं लागलीया सवय." एवढं सलग बोलल्यावर तो दमल्यासारखा झाला. मग, जरा विचार करून, बाकावर मधोमध सरकून बसला. "हैबतरावाला काय सांगायचं?" सोपाननं विचारलं. "हैबतरावाला काय सांगायचं," दामू म्हणाला. आणि हे वाक्य त्यानं असं म्हटलं की त्यात प्रश्न उरला नाही.

गाडी आली. वळकटी वर गेली. सोपान पायरीवर चढून वळला. त्याच्या डोक्यात जयाची पाठ होती, टेंपो होता, हिरवी अक्षरं होती, आणि त्याच्या तोंडून गेलं, "जातो आबा." "येतो," दामू म्हणाला. सोपान थबकला. कळायला लागल्यापासून पहिल्यांदा बापाचं जुळलं नव्हतं. "जातो," त्यानं पुन्हा म्हटलं. "येतो," दामू म्हणाला, शांतपणे, तसाच बसून, सोपानच्या तोंडाकडं बघत. मागून कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली. गाडी हलली. सोपान आत घुसला, दोन बायका आणि एक करडू ओलांडून मागच्या खिडकीशी पोचला, डोकं बाहेर काढलं आणि ओरडला, "येतो!" इंजिनाचा आवाज मोठा होता. दामू एव्हाना उठून गावाकडं वळला होता. पाठमोरा. सोपाननं ती पाठ कधी नीट बघितली नव्हती. डावा खांदा उतरलेला, सदऱ्याला मागं ठिगळ, मानेवर तीळ नाही. ऐकू गेलं की नाही ते पाठीवरून कळत नाही. पाठीवरून काहीच कळत नाही, हे तर त्याला दोनच दिवसांपूर्वी नीट शिकवलं गेलं होतं. पण वळणावर दिसेनाशी होण्याआधी ती पाठ जराशी थांबल्यासारखी वाटली. आपण थांबलो की थोड्या वेळानं थांबते, तशी.

"कुठं?" कंडक्टर म्हणाला. "पुणं." "पुणं. किती?" "एक," सोपान म्हणाला.

"एक," कंडक्टर म्हणाला, आणि चिमटा दाबून त्यानं तिकिटाच्या कडेला भोक पाडलं.